अठ्ठेचाळीस पट्ट्या

त्या वर्षी मी दोन खोट्या गोष्टी सांगत फिरत होतो. टोकावड्याला घरी आणि विद्यापीठात सांगायचो, पीएचडी संपतच आली आहे. सापगावला गिरणीतल्या भागीदाराला सांगायचो, पीएचडी सोडल्यातच जमा आहे. दोन्हीकडची माणसं खूश होती. मुरबाड ते शहापूर या मधल्या रस्त्यावर मोटारसायकल हाणणारा मी तेवढा वैतागलेला असायचो.

मला एका जागी बसवत नव्हतं, हे खरं. जेवायला बसलो तरी पाय हलत राहायचा. आईला त्याची भयंकर चीड. ती पळीच उगारायची. “हालवू नको रे पाय, घराची बरकत जाते.” मी पाय थांबवायचो, मग बोटं सुरू व्हायची. विद्यापीठात गेलो की शेत आठवायचं, शेतात गेलो की गिरणी, गिरणीत गेलो की प्रबंधाचं राहिलेलं प्रकरण. कुठेही असलो तरी दुसरीकडे असायला हवं होतं असं वाटायचं.

माझा विषय सांगितला की गावात हसू पिकायचं. भाताचं रोप करण्याआधी आमच्याकडे राब भाजतात. उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरायच्या, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्या भाजलेल्या जागेत पेरलेलं रोप जोमानं येतं, तण कमी माजतं, असं सगळे मानतात. मी हे तपासत होतो. आठ जुनी वाणं घेतली होती. प्रत्येकाचं रोप भाजलेल्या जागेत वेगळं, न भाजलेल्या जागेत वेगळं, आणि लावणीनंतर प्रत्येकाचे तीन-तीन चौकोन. आमच्या घरच्या शेतात असे अठ्ठेचाळीस चौकोन होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक काठी आणि काठीला अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर कोरलेला आकडा.

बांधापलीकडच्या काकीचं शेत आमच्या शेताला लागून. पहिल्या वर्षी मी पट्ट्या लावत होतो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. सगळं समजून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजी जो आमाला आजा-पणज्यापासून ठाव हाय, तो तू चार वर्सं लिवणार. आनि मंग तुला डाक्टर बोलणार?”

“तसंच काहीसं,” मी म्हणालो.

“बरा हाय रे बाबा तुजा.”

पण त्यानंतर माझ्या चौकोनांवर तिची नजर असायची. ढोरं शिरली तर हाकलायची. पट्ट्यांना ती ‘तुजी पोरां’ म्हणायची. रांगेत उभ्या असलेल्या काठ्या तिला शाळेच्या प्रार्थनेला उभ्या मुलांसारख्या दिसायच्या. काठी वाकडी झाली की मला आवाज द्यायची, “तुजा एक पोर झोपलाय बग.”

पहिली दोन वर्षं मी त्या पोरांवर खूश होतो. दाणे मोजायला बसलो की शीळ घालायचो. लोंबीत भरलेले दाणे किती, पोचट किती, असं तासन्‌तास चालायचं. चौथ्या वर्षी दाणे मोजताना हातात मोबाइल असायचा. आकडा विसरायचो आणि पहिल्यापासून मोजायचो. प्रबंधाचं एकच पान मी सहा महिने दुरुस्त करत होतो. वाक्य पुढचं मागे, मागचं पुढे. कंटाळा आला आहे, असं कबूल करायची मात्र हिंमत नव्हती. गावातला पहिला डॉक्टर होणार होतो ना. बाबांनी टोकावड्याच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर, एसटीच्या वाहकालासुद्धा सांगून ठेवलं होतं. टपरीवाला तर मला आत्ताच डॉक्टर म्हणायचा, आणि एकदा त्यानं मला आपली दुखरी दाढ दाखवली.

भागीदार म्हणजे शहापूरच्या कॉलेजातला माझा मित्र. भातसानगरच्या वसाहतीत वाढलेला, वडील धरणावर नोकरीला. नोकरीचं घर, नोकरीचं पाणी, नोकरीची सुट्टी, यातच लहानपण गेलं म्हणून त्याला नोकरी या शब्दाचाच उबग होता. त्यानं सापगावला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि भाताची छोटी गिरणी टाकायचं ठरवलं. नुसतं तूस काढायचं, तांदूळ घासून पांढरा करायचा नाही. आसपासच्या गावांतली जुनी भातं वेगवेगळी ठेवायची, वेगवेगळी भरडायची आणि वाणाच्या नावानं विकायची. त्यासाठी वाण ओळखणारा माणूस हवा होता. “तू नसलास तर ही नुसती गिरणी आहे,” तो म्हणायचा.

त्यानं शेडमध्ये दोन खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. एक त्याची, एक माझी. माझ्या खुर्चीवर तो कुणाला बसू देत नसे. मीही बसत नव्हतो. उभ्या उभ्या त्याच्याशी भांडायचो. पिशवीवर त्याला ‘हातसडीचा’ असं छापायचं होतं. मी विचारलं, हात कुणाचा? ही मोटार काय हात आहे? तीन दिवस वाद घालून ‘बिनपॉलिश’ ठरलं. त्या तीन दिवसांत पाय हलवायची आठवण झाली नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही फारसं सांगितलं नाही.

मग कापणी एका दिवसावर आली. माझी भातं पिकून उभी होती. आकाश भरून येणार अशी बातमी होती, पण माझ्या अंदाजानं एक दिवस हातात होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः एकेक चौकोन कापणार होतो, वेगळा बांधणार, वेगळा तोलणार. सगळ्या वर्षाचं काम त्या एका दिवसावर होतं. आणि नेमका आदल्या दिवशी गिरणीचा कारागीर यंत्र चालवून बघायला येणार होता. मी घरी सांगितलं, मॅडमनी बोलावलंय, विद्यापीठात जाऊन येतो. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. सापगावला पोचल्यावर फोन बंद केला. बाबांचा फोन आला आणि मागे गिरणीचा खडखडाट ऐकू गेला तर काय सांगणार होतो?

यंत्र सुरू झालं. एका तोंडातून भात आत गेलं आणि दुसऱ्या तोंडातून लालसर तांदूळ ओंजळीत आला, गरम. मी तो तसाच तोंडात टाकला. भागीदार ओरडत होता, मी ओरडत होतो, कारागीर आम्हा दोघांकडे बघून हसत होता. दुपार कशी गेली कळलं नाही. बाहेर आलो तेव्हा घाटाच्या बाजूला सगळं काळं झालं होतं.

मुरबाड ओलांडलं आणि थेंब पडायला लागले. घरी पोचलो तर आमच्या आणि काकीच्या पडवीत भाताचे भारे छतापर्यंत रचलेले. अंगणात बारा-पंधरा माणसं चहा पीत बसलेली, सगळ्यांच्या कपड्यांना कुसळं. आई धावत आली. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. “वाचला रे भात! एक काडी भिजली नाय.”

मला आधी कळेना. मग मी विचारलं, “माझे चौकोन?”

“सगला कापला,” काकी अभिमानानं म्हणाली. “तुजा फोन लागंना. आमी बोललू, पोर मोठ्या कामाला गेलाय, त्याचा भात कसा भिजू द्यायचा?”

बाबा मान खाली घालून बशीत चहा ओतत होते. “मी सांगितला व्हता, चौकोन ऱ्हाऊ द्या,” ते पुटपुटले. “आयकतोय कोन.”

ऐकणार नव्हतंच कुणी. आमच्याकडे कापणीला शेजारी शेजाऱ्याच्या शेतात उतरतो. आज तुमच्यात, उद्या आमच्यात. आणि एकदा विळे घेऊन उतरलं की तुकडा उभा सोडून जायचं नाही. ज्यांच्याशी उठबस तुटली, त्यांच्याच शेतात असं अर्धं काम टाकून कुणी जातं. माझे अठ्ठेचाळीस चौकोन उभे ठेवले असते तर तो माझा अपमान झाला असता, निदान त्यांना तसं वाटलं असतं. म्हणून त्यांनी पावसाच्या पुढे पळत सगळं कापलं, आडवं-उभं जसं हाताला येईल तसं बांधलं आणि एकाच ढिगात रचलं. कोणता भारा कोणत्या चौकोनातला, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

मी चहा घेतला नाही. पावसातच शेतावर गेलो. सगळीकडे नुसती खुंटं. काठ्या नाहीत, पट्ट्या नाहीत. मी बांधावर उभा राहिलो आणि रडू यायची वाट बघू लागलो. रडू आलं नाही. जे आलं ते सांगायला आजही लाज वाटते. मला हायसं वाटलं. छातीवरून कुणी पोतं उचलून घ्यावं तसं हलकं वाटलं. माझ्या वतीनं कुणीतरी ठरवून टाकलं होतं. आता मला कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं, शेतच सांगणार होतं. पावसात उभं राहूनच मी भागीदाराला दोन शब्द पाठवले, ‘सुटलो रे.’

ही सुटका सकाळपर्यंत टिकली. सकाळी काकी डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपली ओट्यावर ठेवली आणि वरचं फडकं बाजूला केलं. आत लोंब्यांच्या लहान लहान जुड्या होत्या, बोटाएवढ्या जाड, सुतळीनं बांधलेल्या. प्रत्येक जुडीला एक पट्टी. पट्ट्या धुऊन चकचकीत केलेल्या. मी मोजल्या. अठ्ठेचाळीस.

“बी काढल्याबिगर इळा लावायचा नसतो,” ती म्हणाली. “घरच्या बाईनं काढायचा. तुजी आये रांधण्यात गुतली व्हती, मंग मीच काढला. तुजी पोरां येगली ठेवतस ना तू, म्हनून येगला बांधला.”

तिला आकडे वाचता येत नाहीत. पण जुड्या टोपलीत मांडल्या होत्या त्या शेतात जशा उभ्या होत्या तशाच, रांगेनं. सगळे घाईघाईनं विळे चालवत असताना ही बाई त्यांच्या पुढे पुढे धावत एकेक चौकोनातल्या चांगल्या लोंब्या खुडत होती. त्यासाठी तिनं किती जणांच्या शिव्या खाल्ल्या असतील.

मी तिचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मला तिचा असा राग आला की मी उठून मागच्या दारी गेलो. माझ्या सुटकेवर तिनं पाणी फिरवलं होतं. तोललेलं उत्पादन गेलं होतं, हे खरं. पण बी होतं, पट्ट्या होत्या, आधीच्या नोंदी होत्या. आणखी एक हंगाम पेरलं की सगळं पुन्हा उभं राहणार होतं. म्हणजे शेतानं काहीच ठरवलं नव्हतं. ठरवायचं मलाच होतं, आणि मला नेमकं तेच नको होतं.

दोन दिवसांनी जुड्या आणि नोंदवह्या घेऊन विद्यापीठात गेलो, या वेळी खरोखर. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यांदा हसल्या. “पाऊस, उंदीर, रानडुक्कर, चोर, सगळी कारणं ऐकली मी आजवर. शेजाऱ्यांनी मायेनं कापलं, हे पहिल्यांदाच.” मग जुड्या हातात घेऊन उलटसुलट बघत बसल्या. बराच वेळ. “ही बाई माझी विद्यार्थिनी व्हायला हवी होती,” म्हणाल्या. त्यांनी मुदतवाढीचा अर्ज काढला, पेनचं टोपण उघडलं. “एक हंगाम. मी सही करते. पुढच्या दिवाळीपर्यंत तू मोकळा.”

माझा पाय टेबलाखाली हलत होता. त्या सही करणार इतक्यात मी म्हणालो, “मॅडम, त्या दिवशी मी तुमच्याकडे येतो असं सांगून निघालो होतो. मी सापगावला गिरणीत होतो.” आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं. शेत रिकामं बघून मला आनंद झाला, हेसुद्धा.

त्यांनी पेनला टोपण लावलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “आनंद झाला असेल तर मी सही कशावर करू?” त्या म्हणाल्या. नोंदवह्या पुढे ओढून म्हणाल्या, “हे दोन वर्षांपूर्वी बोलला असतास तर मी भांडले असते तुझ्याशी. थांबवलंही असतं कदाचित.” त्या त्यांनी ठेवून घेतल्या. बियाणं नको म्हणाल्या. “ज्यांनी राखलं त्यांना नेऊन दे.”

घरी सांगितलं तेव्हा आई पदराला डोळे पुसत राहिली. बाबा उठून नाक्यावर गेले. टपरीवाला अजून मला डॉक्टर म्हणतो, कारण बाबांनी त्याला कधी सांगितलंच नाही. मीही त्याला दुरुस्त करत नाही. दाढ त्यानं दुसरीकडे काढून घेतली.

सगळ्यात जड गेलं ते काकीला सांगणं. तिच्या शेताची कापणी आली, मी विळा घेऊन गेलो. तिच्या शेजारची ओळ धरली. अर्धी ओळ कापून झाल्यावर म्हणालो, “काकी, मी सोडलं.”

“काय सोडलास?”

“ते डॉक्टरचं. आता गिरणीच.”

ती कापतच राहिली. ओळ संपेपर्यंत मान वर केली नाही. मला वाटलं, आता चांगली सुनावते. बांधावर येऊन तिनं विळा खोचला, तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग माजी गठुडी परत दे.”

“कशाला?”

“तू नाय पेरणार तं मी पेरते. बियाला काय ठाव, तू सोडलास?”

मी जुड्या परत दिल्या. तिनं त्या चुलीवरच्या आढ्याला टांगल्या, पट्ट्यांसकट. नंतर कधी तिच्याकडे गेलो तर मी वर बघायचं टाळायचो.

गिरणी चालू झाली. खुर्चीवर बसलो, पण फार वेळ नाही, कारण तिथेही बसायला सवड नसते. भात ओलं येतं, पट्टा तुटतो, वीज जाते, कुणी दोन वाणं एकत्र करून आणतं आणि माझ्यावरच डोळे वटारतं. पूर्वीसारखीच तगमग आहे. फरक इतकाच, की आता जिथे आहे तिथलीच तगमग असते. भागीदार म्हणतो, तुला हा रोग जन्मापासून आहे, औषध नाही.

पुढच्या वर्षी भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या, दाणे भरले, तेव्हा काकीकडे गेलो. तिचं भात गिरणीला मागायचं होतं. ती शेतावर आहे असं कळलं म्हणून बांधानं चालत गेलो. तिच्या शेताच्या कडेला, ओढ्याकडच्या तुकड्यात, काही तरी चमकलं. जवळ गेलो. बांबूच्या कामट्या, आणि प्रत्येक कामटीला माझी पट्टी. हात-दीड हाताचे चौकोन, रांगेनं, अठ्ठेचाळीस. जसे माझ्या शेतात होते तसेच, त्याच क्रमानं.

काकी पलीकडून तण उपटत आली. “बगतोस काय? तुजी पोरां हायत.”

“ही सगळी राबावरची?” मी विचारलं.

“नाय. निम्म्यांना राब नाय भाजला. तू तसाच करायचास ना?” मग ती जरा जवळ आली, कुणी ऐकत तर नाही ना असं बघितलं आणि आवाज बारीक केला. “ती लाल हाय ना, कुसाची, तिला राब लागत नाय बग. भाजला काय, नाय भाजला काय, सारकीच. आमी उगाच इतकी वर्सं डहाल्या तोडत व्हतू.”

मी त्या लाल वाणाच्या, राबावरच्या आणि बिनराबाच्या, दोन रांगांकडे बघत राहिलो. माझ्या तीन वर्षांच्या आकड्यांतही ते होतं. मी ते बघितलं होतं आणि त्यावर एक ओळही लिहिली नव्हती, कारण तोवर माझं लक्ष उडालं होतं. सोडल्याचा पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. पण आपण ज्याला कंटाळलो ते काम कंटाळवाणं नव्हतंच, हे तिथे बांधावर उभं राहून कळलं आणि फार लागलं.

हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. गिरणीचं पावतीपुस्तक होतं. मी त्याचं पान उलटं केलं आणि पहिल्या चौकोनाशी उकिडवा बसलो. एक लोंबी हातात धरली. भरलेले दाणे, पोचट दाणे.

“लिव, लिव,” काकी म्हणाली. “आनि डाक्टर माज्या नावाफुडं लाव.”

खिशात फोन वाजायला लागला. गिरणीत भाताची गाडी येऊन थांबली असणार, भागीदार खोळंबला असणार. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी मघापासून शीळ घालतो आहे. हातातली लोंबी मोजून संपेपर्यंत मी फोन वाजू दिला.